राग गेला नाही तरी समजून घेता येते का? एका लाथाळ म्हशीच्या निमित्ताने

समुपदेशनासाठी येणारे पालक एक प्रश्न फार संकोचाने विचारतात आणि बहुतेक वेळा तो पहिल्या भेटीत बाहेर पडतच नाही. मुलाचे गुण, मोबाईल, मित्र, झोप हे सगळे सांगून झाल्यावर, निघण्याच्या बेतात असताना, एखादे वडील किंवा एखादी आई खाली मान घालून विचारते, ‘मुलाला समजून घ्या, असे जो तो सांगतो, पण जो रोज उलट बोलतो, दार आपटतो, आपल्याला पाहिले की तोंड फिरवतो, त्याच्याविषयी मायाच वाटेनाशी झाली असेल, तर समजून घ्यायचे कुठून?’ विचारणाऱ्याच्या मनात अपराधीपणा असतो. आधी मनात माया दाटून यावी लागते आणि त्या मायेपोटीच समोरचा समजतो, असे गृहीत धरल्यामुळे, माया आटली म्हणजे आपण पालक म्हणून संपलो, असा निष्कर्ष तो स्वतःपुरता काढून मोकळा झालेला असतो.

हे गृहीतक मला चुकीचे वाटते. ते का चुकीचे वाटते, हे एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. या कुटुंबाने लिहिण्यास संमती दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

कोल्हापूरजवळच्या एका गावातले हे वडील. थोडी उसाची शेती, गोठ्यात चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालायचे, असा त्यांचा दिनक्रम. मुलगा अकरावीला, विज्ञान शाखेत. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी तो रोज एसटीने शहरात जात असे. वडिलांची तक्रार थोडक्यात अशी, की मुलगा घरात पाऊल टाकतो तेच कपाळाला आठ्या घालून, काही विचारले तर ‘माझ्या नादी लागू नका’ असे तोडून बोलतो, ताट सरकवून देतो आणि खोलीची कडी लावून घेतो. आईशी मात्र तो नीट वागतो. हे शेवटचे वाक्य वडिलांनी सहज सांगितल्यासारखे सांगितले. पण त्यांना सगळ्यात जास्त ते लागलेले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. ‘मॅडम, खरं सांगू का, आता तो घरात आला की मलाच गोठ्यात जाऊन बसावंसं वाटतं,’ असे ते म्हणाले.

मी त्यांना एक साधी वही दिली. पानावर तीन रकाने आखायचे, आधी काय चालले होते, मग काय घडले, त्यानंतर कोणी काय केले. वर्तनाचा अभ्यास करणारे लोक ही पद्धत फार वर्षांपासून वापरत आले आहेत आणि कामाला ती सोपी आहे. पुढच्या भेटीत वडिलांनी वही परत आणली, तेव्हा मधला रकाना काठोकाठ भरलेला होता आणि बाजूचे दोन्ही कोरे होते. पहिल्या रकान्याविषयी विचारल्यावर ते म्हणाले, ‘आधी काहीच नसतं. तो आहेच तसा.’

‘तो आहेच तसा’ हे वाक्य माझ्या कानांना इतके परिचयाचे आहे, की ते मी मनात वेगळे टिपून ठेवते. स्वतःच्या चिडण्याला आपण नेहमी परिस्थितीचे कारण देतो. ऊन होते, दमलो होतो, कोणीतरी आधीच डोके फिरवले होते. दुसऱ्याच्या चिडण्याला मात्र आपण त्याचा स्वभाव कारण म्हणून लावतो. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण परिस्थितीऐवजी स्वभावात शोधण्याच्या या गफलतीची मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये सविस्तर मांडणी केली आणि तेव्हापासून ती आमच्या विषयातल्या मूलभूत गोष्टींत गणली जाते. पण हे शास्त्र त्या वडिलांना सांगून काही साधले नसते. त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून मी तिच्याविषयी विचारले.

पट्टीचे कारण चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री. सांगोल्याच्या आठवडी बाजारातून लाखाच्या आसपास मोजून आणलेली, दुसऱ्या वेताची पंढरपुरी म्हैस. या जातीची शिंगे लांब, तलवारीसारखी खांद्याच्याही मागे गेलेली असतात आणि नुसती मान झटकली तरी जवळच्या माणसाला ती लागू शकतात. पंढरपुरी म्हैस कोल्हापूरकरांच्या विशेष जिव्हाळ्याची. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देण्याची रीत आजही आहे आणि दिवाळीत गवळी मंडळी सजवलेल्या म्हशींना आपल्या मोटारसायकलींमागे पळवतात, तेव्हा ती जनावरे केवळ मालकाच्या हाकेवर गर्दीतून धावतात. अशा मुलखातल्या माणसाला आपल्याच गोठ्यातली म्हैस जवळ येऊ देत नाही, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती.

चंद्री संध्याकाळच्या धारेला लाथा मारायची. कासंडी दोनदा लवंडली आणि एकदा लाथ मनगटावर बसली. शेजाऱ्यांनी मागचे पाय आवळून बांधायला सांगितले. कोणी म्हणाले, इंजेक्शन टोचा, आपोआप पान्हा सोडेल. वडिलांचा तिच्यावर भयंकर राग होता. पैसे फुकट गेले, संस्थेची वेळ चुकू लागली, शिवाय सकाळी पत्नीने धार काढली की ही म्हैस गपगुमान उभी राहायची. ‘मला ओळखून आहे ती. मुद्दाम करते,’ असे त्यांनी मला सांगितले, आणि आपण थोड्या वेळापूर्वी मुलाविषयी हेच बोललो होतो, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. मीही ते लगेच दाखवून दिले नाही. म्हशीची गोष्ट मला पूर्ण ऐकायची होती, कारण ती सांगताना या गृहस्थाची भाषा एकदम नेमकी झाली होती.

राग होताच, पण लाखाची म्हैस विकायची तर निम्म्याने विकावी लागणार, म्हणून त्यांनी नाइलाजाने तिच्याकडे नीट पाहायला सुरुवात केली. पहिली गोष्ट त्यांना दिसली ती ही, की लाथ बसते ती डावीकडून जवळ गेल्यावर. ते स्वतः डाव्या बाजूला बसत असत, पत्नी उजव्या बाजूला. त्यांनी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी चार खणांच्या पसरट भांड्यात चारही सडांचे थोडे थोडे दूध घेतले, त्यात द्रावण मिसळून भांडे हलवले, तेव्हा मागच्या डाव्या सडाचे दूध घट्ट आणि बुळबुळीत झाले. दूध डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, कास सुजलेली नव्हती. तरी आत कासदाह, म्हणजे कासेचा जंतुसंसर्ग, होता. त्याच सडाच्या टोकाशी एक बारीक भेग होती. मागच्या डाव्या पायावर, खुराच्या वर, केस झडलेला एक जुना पट्टा होता. पूर्वीच्या मालकाकडे कधीतरी दोरीने पाय आवळून बांधत असावेत, असा डॉक्टरांचा अंदाज. पान्ह्यासाठी इंजेक्शन द्यायला त्यांनी साफ नकार दिला.

पण दुखणे सकाळीही असणारच. मग लाथ संध्याकाळीच का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी काही दिवस गेले आणि ते योगायोगाने मिळाले. एका संध्याकाळी पत्नी धार काढायला बसली आणि वडील गव्हाणीच्या बाजूला, म्हशीच्या तोंडाशी, आंबोण घालायला उभे राहिले. तिथून त्यांना जे दिसले, ते त्या गोठ्यात इतकी वर्षे वावरूनही कधी दिसले नव्हते. दिवा दाराशी, म्हणजे म्हशीच्या मागे होता. मागून कोणी आत आले, की त्याची भली मोठी काळी सावली समोरच्या भिंतीवर, थेट जनावराच्या डोळ्यांपुढे, हलत हलत चढत असे. सकाळी उजेड बाहेरून येत असल्याने सावली पडत नसे. चंद्री आधी भिंतीकडे पाहून बिचकायची, मग डावीकडून कोणी टेकले की दुखऱ्या सडाला हात लागायच्या आधीच पाय उचलायची. त्यात वडिलांची घाई. संस्था सातला बंद होणार, म्हणून ते आल्या आल्या कासेला हात घालायचे.

या घाईची किंमत किती असते, हे गवळ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. पण त्यामागचे कारण रंजक आहे म्हणून सांगते. पान्हा सोडणे जनावराच्या मेंदूतून येणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर अवलंबून असते आणि भीती किंवा वेदना यांमुळे शरीरात ॲड्रेनॅलिन वाढले, की पान्हा अडतो. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात इली आणि पीटरसन या संशोधकांनी गायीच्या पाठीवर चक्क मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फोडून तिला घाबरवले आणि दुधावर होणारा परिणाम तपासला होता. गायीच्या कासेत निदान काही दूध खालच्या पोकळीत साठलेले असते, ते पान्ह्याशिवायही निघते. म्हशीच्या कासेत तो साठा फारच थोडा असतो, आणि पान्हा सुटायलाही तिला गायीपेक्षा जास्त वेळ लागतो. घाईने म्हशीचे दूध मिळत नाही, ही शरीररचनेतलीच गोष्ट आहे.

जनावराच्या जागी जाऊन पाहण्याची ही रीत काही नवी नाही. अमेरिकेतल्या प्राध्यापक टेम्पल ग्रँडिन यांनी गुरांच्या हाताळणीच्या व्यवस्था सुधारण्याचे मोठे काम केले. गुरे ज्या चिंचोळ्या वाटेवर अडत आणि बिथरत, त्या वाटेत त्या स्वतः उतरत आणि गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहत. तेव्हा त्यांना लोंबकळणारी साखळी, जमिनीवर पडलेली सावली, पाण्यातली चमक अशा गोष्टी दिसत. वरून काठी घेऊन हाकणाऱ्या माणसांना त्या जाणवलेल्याच नसत. आमच्या या वडिलांनी ग्रँडिन यांचे नावही ऐकलेले नव्हते. आंबोणाची पाटी हातात घेऊन ते योग्य जागी उभे राहिले, एवढेच.

दिव्याची जागा बदलली. सडावर उपचार झाले. औषध चालू असेपर्यंत चंद्रीचे दूध संस्थेत घालता येत नव्हते, तो तोटा सोसला. वडील उजव्या बाजूला बसू लागले आणि आधी नुसता पाठीवर हात ठेवून थांबू लागले. एक गोष्ट त्यांनी मला हाताने करून दाखवली. लाथाळ जनावराच्या धारेला लांब बसू नये, उलट खांदा आणि डोके त्याच्या कुशीला टेकवून बसावे. लांबून बसलेली लाथ जोरात लागते, जवळ असले की पाय उचलण्याआधी कुशीतला ताण खांद्याला कळतो आणि लाथेला जोर भरायला जागाही उरत नाही.

‘मग आता तिचा राग गेला का?’ असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, ‘कुठला जातोय? अजून मनगट दुखतंय की. पण आता ती मुद्दाम करत नव्हती, हे कळलंय.’

ज्या गोष्टीसाठी मी ही हकिकत लिहीत आहे, ती या उत्तरात आहे. या माणसाला चंद्रीविषयी माया वाटत नव्हती. तो संतापलेला होता, पैशाच्या काळजीत होता, त्याच्या मनाला अपमान झोंबत होता आणि तिच्याकडे पाहण्याचे त्याचे कारणही पूर्णपणे व्यवहारी होते. तरीही त्याने तिला समजून घेतले. समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याला समजून घेणे, हा हृदयात येणारा उमाळाच असतो, असे आपण धरून चालतो, म्हणून उमाळा येईपर्यंत थांबून राहतो. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग तपासाचा, निरीक्षणाचा आणि थोडा वेळ घालवण्याचा असतो. ते काम रागावलेल्या माणसालाही करता येते. माया बऱ्याचदा त्या तपासानंतर येते, कधी उशिरा येते, कधी अर्धवटच येते. पण ती आधी हजर असलीच पाहिजे, अशी अट नाही.

मग मी वही पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली. मुलगा असा का, हा प्रश्न बाजूला ठेवून, तो कधी असा नसतो, एवढेच आठवायला सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, सोमवारी बरा असतो. मंगळवारीही चालतो. रविवारी सगळ्यात वाईट.

रविवारी शिकवणीत चाचणी असे. मुलाशी मी स्वतंत्र बोलले. त्याने वडिलांना सांगायला हरकत नाही असे म्हटलेला भाग इथे देते. शिकवणीने पालकांचा एक व्हॉट्सॲप गट केला होता आणि चाचणीचे गुण, क्रमांकासकट, सगळ्या मुलांच्या नावांसह त्यावर त्याच दिवशी संध्याकाळी पडत. मुलगा तेव्हा एसटीत असे. ‘मी पोचायच्या आधी पप्पांना कळलेलं असतं. दारात आलो की त्यांचा चेहरा बघूनच समजतं. मला सांगायचं काही उरतच नाही,’ असे तो म्हणाला. वडील दारातच विचारत, ‘काय झालं आज?’ त्यांच्या लेखी तो विचारपूस करण्याचा प्रकार होता. उत्तर ठाऊक असताना विचारलेला तो प्रश्न मुलाला सापळा वाटत होता. मुलाने एकदा खरे सांगितले तेव्हा व्याख्यान ऐकावे लागले आणि एकदा टाळले तेव्हा खोटारडा ठरला. त्यानंतर तोंड उघडण्याआधीच तोडून टाकायचे, ही त्याची रीत पडली.

हे वडिलांना सांगितले, तेव्हा ‘म्हणजे माझं चुकलं’ असे म्हणून ते एकदम खचतील, अशी मला भीती होती. तसे झाले नाही. ते विचार करून म्हणाले, ‘दिवा चुकीच्या जागी होता.’ मी यावर काही बोलले नाही. पालकांच्या हातून काय चुकले, याची यादी करण्यात आमच्या कार्यालयातला बराच वेळ वाया जातो आणि त्या यादीने खाली गेलेली मान आणखी खाली जाते. दिवा कुणाचा होता यापेक्षा तो हलवता येतो का, हे महत्त्वाचे.

तो हलवता आला, पण चंद्रीच्या गोठ्याइतका सहज नाही. वडिलांनी गटाच्या सूचना बंद केल्या आणि रविवारी संध्याकाळी तो गट उघडायचा नाही, असे ठरवले. मुलाला तसे सांगितलेही. मुलाचा त्यावर विश्वास बसला नाही. ‘आता हे काय नवीन नाटक?’ असे तो आईला म्हणाला. पहिल्या काही रविवारी तो पूर्वीसारखाच आठ्या घालून आला, जेवून आत गेला. वडिलांनी मला फोनवर सांगितले, की त्या संध्याकाळी गप्प बसणे हे शेतातल्या कुठल्याही कामापेक्षा अवघड गेले. त्यांचा राग तसाच होता आणि तो मुरवून ते ताटावर बसत होते. एका रात्री मुलाने त्यांच्याविषयी एक घाणेरडा शब्द वापरला. वडिलांनी आवाज न चढवता, ‘हा शब्द या घरात चालणार नाही,’ एवढे सांगितले आणि ते उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, की समजून घ्यायचे म्हणजे हेही सोसायचे का. मी म्हटले, नाही. चंद्रीचे दुखणे कळल्यावरही तुम्ही लाथेच्या टप्प्यात तोंड घालून बसला नाहीत. कारण कळणे ही एक गोष्ट, आणि ते वागणे चालवून घेणे ही दुसरी. पहिली केली म्हणून दुसरी करावीच लागते, असा समज असल्यामुळे पुष्कळ कडक शिस्तीची माणसे समजून घेण्याच्याच वाऱ्याला उभी राहत नाहीत.

जनावर आणि माणूस यांतला एक फरक मात्र या तुलनेत विसरता कामा नये. म्हशीला विचारता येत नाही, म्हणून सगळे निरीक्षणातून ताडावे लागते आणि आपला अंदाज बरोबर होता की नाही, हे फक्त तिच्या वागण्यातल्या बदलावरून कळते. माणसाला विचारता येते, आणि विचारलेच पाहिजे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचारातल्या समानुभूतीविषयी लिहिताना एक अट घातली होती, की दुसऱ्याचे अंतर्विश्व जणू आपलेच असावे असे जाणायचे, पण त्यातला ‘जणू’ कधी सुटू द्यायचा नाही. ‘मला तुझे सगळे कळले’ असे छातीठोकपणे सांगणारे पालक हा ‘जणू’ विसरतात आणि मूल पुन्हा कडी लावून घेते. त्याऐवजी, ‘तू यायच्या आधी मला गुण कळलेले असतात, त्याचा तुला राग येतो, असे मला वाटते, बरोबर आहे का?’ असे विचारले, तर मुलाला ‘हो’ म्हणायला जागा राहते, ‘नाही’ म्हणायलाही राहते. शिवाय माणसाला लाज असते, म्हशीला नसते. दुखरी जागा सापडली म्हणून ती चारचौघांत दाखवली, तर म्हैस काही मनाला लावून घेत नाही. सोळा वर्षांचा मुलगा घेतो. वडिलांनी भावकीतल्या एका लग्नात ‘आमचं पोरगं चाचणीला घाबरतं, म्हणून चिडतं’ असे कौतुकाने सांगितले आणि जेमतेम जुळू लागलेले पुन्हा काही आठवडे मागे गेले.

ज्या घरात मारहाण होते, धमक्या दिल्या जातात, मूल जिवाचे काही बरेवाईट करून घेण्याविषयी बोलते किंवा खाणे-झोपणे पार बदलते, तिथे वही आणि रकाने घेऊन बसू नये. तिथे ताबडतोब मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

या कुटुंबात यथावकाश रविवार सुसह्य झाले. मुलगा कधी गुण आपणहून सांगे, कधी सांगत नसे. चंद्री अजूनही परक्या माणसाला धार काढू देत नाही आणि त्या डाव्या सडाचे दूध पूर्वीइतके झालेच नाही. वडिलांनी तिला ठेवून घेतले. पुढच्या वेताला पाहू, असे ते म्हणतात.

या साऱ्यात मला सगळ्यात उपयोगी वाटलेला प्रश्न मात्र आईने विचारला. तोपर्यंत ती वडिलांसोबत येई आणि बाजूच्या खुर्चीत शांत बसे, कारण तिची तक्रार काहीच नव्हती. म्हैसही तिला लाथ मारत नव्हती आणि मुलगाही तिच्याशी नीट वागत होता. एका भेटीत ती म्हणाली, ‘मॅडम, सकाळी माझ्या हाताला चंद्री उभी राहायची खरी, पण दूध चोरायची. डॉक्टर येईपर्यंत मला वाटत होतं, हिचं दूधच एवढं. पोराचंही तसंच नसंल ना?’

लाथ मारणाऱ्याकडे लक्ष जाते. गुमान उभा राहणारा बरा आहे, असे आपण धरून चालतो. मुलगा आईशी गोड बोलत असे, तिने वाढलेले जेवत असे, ‘हो’ला ‘हो’ म्हणत असे. पण गेल्या वर्षभरात त्याने तिला स्वतःविषयी काय सांगितले, असे मी विचारल्यावर तिला एकही गोष्ट आठवेना. त्या आठवड्यात ती त्याच्यासोबत बसस्थानकापर्यंत चालत गेली. काही विचारले नाही. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यानेच सांगितले, की त्याला ही शिकवणी आणि वैद्यकीय प्रवेशाची धडपड दोन्ही सोडायचे आहे, आणि ते तो अकरावीच्या पहिल्या सत्रापासून मनात घेऊन फिरत होता. आईला रडू आले नाही, रागच आला. इतके पैसे भरले तेव्हा का बोलला नाहीस, हे तोंडावर आलेले वाक्य तिने गिळले आणि विचारले, ‘मग काय करावंसं वाटतंय?’ ते त्याला अजून ठाऊक नव्हते.

वडिलांना हे कोणी आणि कसे सांगायचे, यावर मग आमचे बोलणे सुरू झाले. मुलाचे म्हणणे होते की तो स्वतः सांगेल, पण रविवारी नाही.